एमजीबी रोडस्टर घेताय? बॉनेट नंतर उघडा, आधी सिल बघा

नमस्कार मंडळी! इंग्लंडात राहणारे आपले बरेच प्रेक्षक विचारतायत, "जुनी एमजीबी बघतोय, उघड्या टपाची. तपासायचं काय?" तर आज तेच.

प्राथमिक गोष्टी पटापट. ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उत्पादन 1962 ते 1980, ॲबिंग्डनचा कारखाना, 1798 सीसीचं इंजिन. 1974च्या अखेरीपासून काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढवली, त्यामुळे ती वळणावर जास्त कलते. म्हणून क्रोम बंपरवाली महाग. बजेट बघा आणि ठरवा.

आता मुद्द्याचं. सिल. दरवाजाखालची ती लांब पत्र्याची पेटी. या गाडीला वेगळी चॅसी नाही आणि वर टपही नाही, म्हणजे गाडी मधून वाकू न देण्याचं काम मुख्यतः सिलचं. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल विंगच्या, म्हणजे चाकावरच्या मडगार्डच्या, आत साचतो आणि सिल आतून कुजते. बाहेरून रंग चकाचक!

कमेंटमध्ये एकाने लिहिलंय, "सिल नवीन टाकलीय असं मालक म्हणतो, मग काय टेन्शन?" अहो, तिथेच तर टेन्शन आहे! सिलची दोन्ही टोकं पुढच्या-मागच्या विंगच्या आत जातात. नीट बदलायची तर विंगचा खालचा भाग कापावा लागतो, आतले पत्रेही बदलावे लागतात. कामचुकार माणूस काय करतो? कुजलेल्यावरच नवा पत्रा चढवतो, वेल्डिंग मारतो, लांबी (म्हणजे पुट्टी) भरतो, रंग फासतो. त्यामुळे कामाचे फोटो मागा. कापलेली विंग, उघडी पडलेली आतली पट्टी दिसलीच पाहिजे. नुसतं बिल नको.

फोटो नाहीत? मग लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळा आणि सिलच्या खालच्या कडेने फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबी आहे. मग गाडीखाली वाका. सिलच्या आतल्या बाजूला खाचाखाचांची पट्टी आहे, तिला कॅसल रेल म्हणतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज यायला हवा. बद्द वाजलं किंवा काळ्या डांबरी लेपाचा जाड थर दिसला, तर तो लेप काय झाकतोय ते विचारा.

आणि शेवटची परीक्षा जॅकची. दार बंद ठेवून दाराची मागची फट वरच्या बाजूला किती आहे ते बघा. आता सिलच्या जॅक पॉइंटला जॅक लावून त्या बाजूची चाकं उचला. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं, की गाडी मधून वाकतेय. जॅकच सिलमध्ये घुसला तर पुढे काही तपासायची गरजच नाही. आणि मालक जॅक लावू देत नसेल तर सरळ घरी जा, राव.

"इंजिनाचं काय?" हो, हो. मालकाला आधीच सांगून ठेवा, इंजिन थंडच ठेव, म्हणजे थंड गाडी कशी सुरू होते ते बघता येतं. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा 50 पीएसआयच्या वर हवा, आयडलला साधारण 15 ते 25. ओव्हरड्राइव्ह (स्विचने लागणारा जादा उंच गिअर) असेल तर चौथ्या गिअरमध्ये स्विच दाबा, आरपीएम लगेच उतरायला हवा. पुढचं चाक उचलून वरखाली हलवा. खडखडलं तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. तरीही हललं तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळी, झिजलेत. ग्रीस वेळेवर न दिल्याचा परिणाम. ब्रेक दाबल्यावर हलणं बंद झालं तर नुसतं बेअरिंग. सीटमागची झाकणं काढून बॅटरीचे कप्पेही बघा, आम्लाने पत्रा खाल्लेला असतो.

हे सगळं दुरुस्त होतं, सुटे भाग आजही सहज मिळतात. सिलचं वेल्डिंग मात्र खिसा रिकामा करतं.

आणि "एमओटी (म्हणजे ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही" हे ऐकून खूश होऊ नका. 40 वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला ती सक्तीची नाही, म्हणजे गाडीखाली कित्येक वर्षांत कोणी वाकलेलंच नसेल. सरकारी साइटवर नंबर टाकला की जुन्या एमओटीच्या नोंदी फुकटात दिसतात. त्यात सिलजवळच्या गंजाचा शेरा असेल आणि पुढे दुरुस्तीचा एकही फोटो नसेल, तर भावातून पूर्ण वेल्डिंगचा खर्च वजा करूनच बोला.