बर्डीच्या गर्दीचं कोडं: ‘मिनी मेट्रो’ हातातून सुटत का नाही?

नमस्कार मंडळी! नागपूर स्टेशनवर गाडीतून उतरलात आणि मेट्रोनं विमानतळ गाठायचंय, तर काय कराल? ॲक्वा लाइन धरायची, बर्डीला उतरायचं, तिथून ऑरेंज लाइन. हिंगण्याच्या बाजूनं, लोकमान्य नगरहून निघालात आणि इंदोऱ्याला जायचंय? पुन्हा बर्डीच. आपल्या मेट्रोच्या दोन लाइन. एक खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दुसरी लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. दोन्हींची गाठ पडते ती फक्त सीताबर्डीला. नकाशावर सरळ अधिकचं चिन्ह दिसतं.

हे चिन्ह लक्षात ठेवा. आजच्या गेममध्ये नवा खेळाडू जवळजवळ हमखास हेच चिन्ह काढतो, आणि काही आठवड्यांत त्याचं शहर तिथंच तुंबतं.

[पडद्यावर: लंडनचा कोरा नकाशा, तीन स्थानकं]

गेमचं नाव मिनी मेट्रो. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या पीटर आणि रॉबर्ट करी या दोन भावांचा हा गेम. त्यांच्या स्टुडिओचं नाव डायनोसॉर पोलो क्लब. 2013 च्या एप्रिलमध्ये लुडम डेअर नावाच्या स्पर्धेत त्यांनी याचा पहिला कच्चा नमुना केला. त्या स्पर्धेत अगदी थोड्या वेळात अख्खा गेम बनवायचा असतो. त्या वेळचा विषय होता ‘मिनिमलिझम’, म्हणजे कमीत कमीत भागवणं. पुढं दोन-अडीच वर्षं घासून-पुसून 2015 च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण गेम आला, 2016 मध्ये मोबाइलवर.

आता बघा. पडद्यावर एक गोल, एक त्रिकोण, एक चौकोन. ही स्थानकं. त्यांच्याशेजारी बारीक बारीक काळे आकार जमायला लागतात, ते प्रवासी. गोल स्थानकाशी छोटा त्रिकोण उभा असेल, तर त्याला त्रिकोणी स्थानकावर जायचंय. कुठल्याही त्रिकोणी स्थानकावर, बरं का! ठरावीक एकाच नाही. सगळी मेख इथंच आहे, म्हणून पुन्हा सांगतो: प्रवाशाला जागा नको आहे, आकार हवा आहे.

बोटानं एका स्थानकावरून दुसऱ्यावर रेघ ओढली की लाइन तयार. गाडी धावायला लागते. एका डब्यात सहा जण मावतात. स्थानकावर सहापेक्षा जास्त जण ताटकळले की त्याभोवती एक वर्तुळ हळूहळू भरायला लागतं. ते पूर्ण भरलं की खेळ खलास. गेममधल्या दर आठवड्याला एक नवीन इंजिन मिळतं आणि दोन गोष्टींतून एक निवडायची असते: नवी लाइन, जादा डबा, नदीखालून जायला बोगदा किंवा मोठं जंक्शन. दोन्ही हवंसं वाटतं, मिळतं एकच.

नियम एवढेच. माझ्या आईला हे समजवायला चहा गार व्हायच्या आत वेळ पुरला. ती गेम खेळणाऱ्यांतली नाही. पण मे महिन्यातल्या दुपारी, कूलर सुरू करून, पडदे ओढून ती आता टॅबवर पॅरिस सांभाळत बसते. ‘ह्या पोट्ट्याले कोणी नेत काऊन नाही?’ असं एका चौकोनाबद्दल तिनं विचारलं, तेव्हा मला कळलं की हा गेम नक्की काय करतो. ते आकार आहेत, त्यांना ना चेहरा ना नाव, पण ते थांबलेत हे आपल्याला बघवत नाही.

आता कोड्याकडे येऊ, कारण खरी मजा तिथं आहे.

[पडद्यावर: पाच गोल एका ओळीत जोडलेले]

या नकाशात गोल स्थानकं सगळ्यांत जास्त उगवतात. जवळजवळची चार-पाच गोल एका रेघेत जोडून टाकावीत असा मोह होतो. रेघ दिसतेही देखणी. पण विचार करा: गोलावर उभा राहणारा प्रवासी गोलाकडे कधीच जात नाही. त्याला त्रिकोण हवा किंवा चौकोन. म्हणजे या पाचही ठिकाणचा माणूस शेवटपर्यंत गाडीत बसून राहणार, डबा दुसऱ्या स्थानकावरच भरणार आणि पुढचे तीन फलाटावरच राहणार. तीच लाइन थोडी वाकडी करून गोल, त्रिकोण, गोल, चौकोन अशी नेली, तर दर स्थानकावर कोणी उतरतं, कोणी चढतं. गाडी तीच, डबा तोच, फक्त क्रम बदलला. हे पहिल्यांदा उमगतं ना, तो क्षण मला कुठल्याही मोठ्या गेममधल्या शेवटच्या लढाईपेक्षा मोलाचा वाटतो.

मग नदीपलीकडे एक तारा उगवतो. अख्ख्या शहरात तारा एकच. आता सगळ्या शहरभर छोटे तारे उभे राहतात आणि सगळ्यांना त्या एकाच ठिकाणी जायचंय. तुम्ही काय करता? सगळ्या लाइन शहराच्या मधोमध एका स्थानकात आणता, तिथून एक लाइन ताऱ्याकडे. आलं की नाही अधिकचं चिन्ह! दोन आठवडे सुरळीत जातात. मग ते मधलं स्थानक फुगायला लागतं, कारण तिथं नुसते तिथले प्रवासी नाहीत, गाडी बदलणारेही उतरतात. वर्तुळ भरायला लागतं. उपाय? दोन लाइन दोन वेगवेगळ्या ठिकाणी एकमेकींना भेटवा. एखादी लाइन गोल फिरवून बंद करा. डबे दुसरीकडून काढून इथं लावा. खेळ थांबवून हे सगळं शांतपणे करता येतं, घड्याळ अंगावर येत नाही. ही सवलत मला फार आवडते. इथं बोटांच्या चपळाईला भाव नाही, विचाराला आहे.

आणि हरलात तरी राग येत नाही, कारण कुठं चुकलं ते डोळ्यांसमोर असतं. नकाशा तुम्हीच काढलेला, तुंबलेलं स्थानक तिथंच दिसतंय. नशिबाला बोल लावायला फारशी जागा उरत नाही. म्हणून बोट आपोआप ‘पुन्हा’वर जातं.

हा गेम आल्यापासून मी आपला नकाशाही वेगळ्या नजरेनं बघतो. गेममध्ये नदी शहराचे दोन भाग करते, बोगदे मोजून मिळतात. नागपुरात नाग नदीचा तेवढा अडसर नाही. आपल्याकडे ते काम रेल्वेचे रूळ करतात. एकीकडे महाल, इतवारी, गांधीबाग, दुसरीकडे धरमपेठ, सिव्हिल लाइन्स, आणि मधून रूळ. लोखंडी पूल आणि रामझुला हे आपले ‘बोगदे’! एक कागद घ्या, घरांना गोल, बाजारांना त्रिकोण, कॉलेजांना चौकोन काढा. विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग-प्रकल्पाला एखादा तारा द्या. आणि दोनच रेघांत हे शहर जोडून दाखवा. बर्डीला टाळून! करून बघाच. नागपूर या गेममध्ये नाही, मुंबई मात्र आहे.

आवाजाबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाणार नाही. हेडफोन लावा. मागं आधीच तयार केलेलं गाणं वाजत नाही. गाड्या, स्थानकं, प्रवासी यांच्या हालचालीतूनच सूर तयार होतात. शहर वाढतं तसा आवाज दाटतो. हे काम डिझास्टरपीस या नावानं संगीत करणाऱ्या रिच व्रीलंड यांचं, आणि 2016 च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये ध्वनीसाठीचा पुरस्कार या गेमलाच मिळाला.

दिसण्याचं मूळ मात्र जुनं आहे. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा काढला, तो 1933 मध्ये छापून आला. खरी वळणं, खरी अंतरं सोडून त्यानं फक्त आडव्या, उभ्या आणि 45 अंशांच्या रेघा ठेवल्या. मिनी मेट्रोतल्या रेघाही तशाच वळतात. म्हणून तुम्ही घाईत ओढलेली रेघसुद्धा नीटनेटकी दिसते.

पैशांचं सांगतो. कॉम्प्युटरवर, म्हणजे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात, याची अमेरिकेतली किंमत दहा डॉलरच्या आत आहे. मोठ्या गेमला तिकडं साठ-सत्तर डॉलर पडतात. मोबाइलवर विकत घेतलात की झालं, मध्येच जाहिरात नाही, ‘हिरे घ्या, वेळ वाचवा’ असला जाच नाही. माझ्या मते याच्या ओढीचं अर्धं कारण हे आहे. फुकट गेम तुमची अडचण वाढवतो, कारण अडचणीतून सुटका त्याला विकायची असते. इथं अडचण फक्त कोड्याची आहे आणि सुटका तुमच्याच डोक्यात आहे. ज्यांना रंग ओळखायला त्रास होतो त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे, रात्री खेळायला काळा पडदाही आहे.

सुरुवात लंडनपासून करा. हात बसला की एक्स्ट्रीम प्रकार उघडा. त्यात एकदा टाकलेला रूळ उचलता येत नाही, खऱ्या शहरासारखाच. तिथं पहिली रेघ ओढण्याआधी थोडं थांबा, पुढचं स्थानक कुठं उगवतंय ते बघा, आणि मगच बोट टेकवा.