आगीच्या वाटेवरचं कॉलेज

(दृश्य: उत्तर कॅलिफोर्निया, सोनोमा काउंटी. द्राक्षमळ्यांच्या रांगा, मागे वाळलेल्या टेकड्या.)

निवेदन:
8 ऑक्टोबर 2017, रविवार. रात्री पावणेदहाच्या सुमारास कॅलिस्टोगा गावाजवळ टब्ज लेनच्या परिसरात आग लागली. वारा सोसाट्याचा होता आणि टेकड्यांवरचं गवत उन्हाळाभर वाळलेलं. काही तासांत आग सांता रोझा शहरात शिरली, सहा पदरी 101 महामार्ग ओलांडून गेली आणि पलीकडची कॉफी पार्क ही वस्ती तिनं बेचिराख केली. 22 माणसं गेली. साडेपाच हजारांहून जास्त घरं आणि इमारती जळाल्या.

सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी वाजणारा इशारा काउंटीनं त्या रात्री पाठवलाच नाही. सगळेच घाबरून रस्त्यावर येतील, अशी धास्ती अधिकाऱ्यांना होती. आधी नाव नोंदवलेल्यांना तेवढे संदेश गेले. पण इथल्या मळ्यांत राबणारी कितीतरी कुटुंबं मेक्सिकोतून आलेली, घरात स्पॅनिश बोलणारी. काहींची मातृभाषा तर मिश्तेक किंवा त्रिकी, म्हणजे मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांची भाषा; स्पॅनिशसुद्धा त्यांना दुसरी. आगीच्या त्या दिवसांत स्पॅनिशमधून माहिती देत राहिलं ते केबीबीएफ, 1973 पासून चालणारं इथलं छोटं द्विभाषिक रेडिओ केंद्र.

(दृश्य: कॉलेजचं आवार.)

याच शहरात सांता रोझा ज्युनिअर कॉलेज आहे, 1918 मध्ये सुरू झालेलं. नाव ज्युनिअर असलं, तरी आपल्या अकरावी-बारावीशी त्याचा संबंध नाही. हे कम्युनिटी कॉलेज. ज्या भागात आहे, त्या भागातल्या कुणालाही दार उघडं. अमेरिकेत अशा सार्वजनिक कॉलेजांची सुरुवात 1901 मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात झाली. आज एकट्या कॅलिफोर्नियात शंभराहून जास्त आहेत. इथं एका दारातून इंग्रजी शिकायला आलेली आई आत येते, दुसऱ्यातून फायरमन व्हायला निघालेला मुलगा. टब्जच्या आगीत या कॉलेजच्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांचीही घरं गेली.

(दृश्य: संध्याकाळचा वर्ग. फळ्यावर 911.)

नवीन आलेल्यांसाठीचे इंग्रजीचे वर्ग क्रेडिटविना, म्हणजे पदवीसाठी न मोजले जाणारे, आणि मोफत. दिवसभराचं काम उरकून माणसं इथं येतात. अशा वर्गांत व्याकरणाच्या आधी शिकवायला हवी अशी एक गोष्ट आहे आणि ती शिकवलीही जाते: 911 या आणीबाणीच्या नंबरवर फोन कसा करायचा. पलीकडून पहिला प्रश्न येतो तो जागेचा. कुठून बोलताय? रस्त्याचं नाव, घर क्रमांक, जवळची खूण. मग काय झालंय, आत कुणी अडकलंय का. दोघं दोघं समोर बसून हे पुन्हा पुन्हा घोकतात, कारण धुराचा वास आला की शिकलेलं निम्मं विसरायला होतं.

(दृश्य: विंडसर. सराव करणारी तुकडी, शिडी, होज.)

कॉलेजचं सार्वजनिक सुरक्षा प्रशिक्षण केंद्र थोडं उत्तरेला, विंडसरमध्ये आहे. अग्निशमनाचे धडे तिथं मिळतात. नोकरीसाठी अनेक दलांत एक शारीरिक चाचणी लागते: साधारण 23 किलोंचं जाकीट अंगावर घालून 10 मिनिटं 20 सेकंदांत एकापाठोपाठ आठ कामं. जिने चढताना खांद्यांवर आणखी अकरा किलो. होज, म्हणजे पाण्याचा लांब पाइप, ओढायचा, शिडी उभी करायची, अंधाऱ्या बोगद्यातून रांगायचं, 75 किलोंचा पुतळा ओढून न्यायचा.

बघणाऱ्याला ताकद दिसते. आम्हाला मात्र इथं ऐकण्यासारखं जास्त वाटलं. तोंडावर मास्क, कानात अलार्म, समोर हातभरही न दिसणारा धूर, आणि अशात वॉकीटॉकीवर बोलायचं. आदेश मिळाला की तो तसाच परत म्हणून दाखवायचा, म्हणजे देणाऱ्याला कळतं की नीट पोचला. आत अडकलेल्या जवानानं मदत मागताना काय सांगायचं याचाही क्रम पाठ करून घेतात: मी कुठं आहे, कोणत्या तुकडीचा, नाव काय, कोणत्या कामावर होतो, काय मदत हवी. श्वासाची हवा संपत असताना वाक्य जुळवत बसायला वेळ नसतो.

ही शिस्त याच राज्यात घडली. 1970 च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले, 16 माणसं दगावली. मदतीला ठिकठिकाणची दलं धावली, पण प्रत्येकाचे सांकेतिक आकडे वेगळे, एकाच वस्तूची नावंही वेगळी. शेजारी उभ्या असलेल्या दोन तुकड्यांना एकमेकांचं कळेना. त्यातून फायरस्कोप हा प्रकल्प उभा राहिला आणि आपत्तीच्या जागी नेतृत्व कसं चालावं याची एक पद्धत तयार झाली. तिचा एक पायाभूत नियम असा: आकडे सोडा, साध्या शब्दांत बोला. आज ही पद्धत देशभर वापरतात.

(दृश्य: दोन्ही वर्ग, आलटून पालटून.)

म्हणूनच भाषेचा वर्ग आणि आगीचा वर्ग ही दोन वेगळी खाती आहेत, हे आम्हाला पटत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांनी याआधीच वाट दाखवली आहे. तिथल्या आय-बेस्ट पद्धतीत एकाच वर्गात दोन शिक्षक असतात, एक धंदा शिकवणारा आणि दुसरा भाषा. इंग्रजी पक्कं होईपर्यंत विद्यार्थ्याला हुन्नर शिकण्यासाठी ताटकळत बसावं लागत नाही.

हाच मार्ग अग्निशमनात उलट्या दिशेनंही चालायला हवा. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांना येणाऱ्या बोलावण्यांत निम्म्याहून जास्त आगीची नसतात, आजारपणाची आणि जखमींची असतात. छातीत कधीपासून दुखतंय, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे आजीला तिच्या भाषेत विचारता आलं पाहिजे. दुसरी भाषा येणाऱ्या जवानांना कॅलिफोर्नियातली बरीच दलं पगारात जादा भत्ता देतात. तेव्हा ज्या मुलाच्या घरी स्पॅनिश किंवा मिश्तेक बोलतात, त्याला आईच्या इंग्रजीच्या वर्गातच विंडसरच्या प्रशिक्षणाची माहिती मिळावी, आणि प्रवेशाचा अर्जही तिथंच भरता यावा.