जिलेबीचा पुडा, झेंड्याची दोरी

(दृश्य : 14 ऑगस्टची रात्र. भिजलेला रस्ता, बांबूवर ताणलेली ताडपत्री, भट्टीचा जाळ.)

कोल्हापुरात 15 ऑगस्ट आदल्या रात्रीच सुरू होतो. महाद्वार रोड, गंगावेस, मिरजकर तिकटी, राजारामपुरी, कसबा बावडा, कुठंही जा. रस्त्याकडेला बांबू रोवणं चाललेलं असतं. वर ताडपत्री हवीच, कारण ऑगस्टात इथं पावसाचा भरवसा नाही. ताडपत्रीखाली भट्टी, भट्टीवर पसरट कढई, शेजारी पाकाचं पातेलं आणि आंबवलेल्या पिठाचे डबे. उजाडायच्या आत पहिला घाणा निघतो आणि सकाळी झेंडावंदन उरकून माणसं परतायला लागली की प्रत्येक स्टॉलपुढं गर्दी होते. "पाव किलो द्या, गरम बघून." "मला अर्धा, पाहुणे आल्यात."

परगावच्या माणसाला याचं नवल वाटतं. कोल्हापूरकराला वाटत नाही. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी म्हणजे जिलेबी, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. शिरोलीच्या एमआयडीसीत काम करणारा कामगार, मंडईत भाजी विकणारी मावशी, बँकेतले साहेब, सगळ्यांच्या हातात तोच कागदी पुडा, आणि पुड्याला तेच तुपा-तेलाचे डाग.

पंचांगात या सणाला तिथी नाही. सोवळं नाही, मुहूर्त नाही, नैवेद्याचा नियम नाही. तरी बऱ्याच घरांत पुडा सोडला की पहिली जिलेबी देव्हाऱ्यापुढं जाते. असं करा, असा कुठलाही सरकारी कागद कधी निघालेला नाही. लोकांनीच ठरवलं आणि लोकांनीच चालवलं.

(दृश्य : एका कढईभोवतीची गर्दी. पुढं होणारे हात.)

या कढईकडं जरा नीट बघूया. ती सगळ्यांची आहे. कुणी घाणा घातला आणि कुणी पाकातून काढला, हे आज कुणी विचारत नाही. याच शहरात शंभर वर्षांपूर्वी ते विचारलं जात होतं. गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथं जाऊन, चारचौघांच्या देखत चहा प्यायले. हॉटेलचं नाव होतं सत्यसुधारक. ही गोष्ट कोल्हापुरात अजून सांगितली जाते आणि सांगितली जायलाच हवी. शाहू महाराज 1922 साली गेले. देशाचं स्वातंत्र्य त्यांनी पाहिलं नाही. पण स्वतंत्र देशाचे नागरिक एका कढईतलं खातील, याची तयारी या गावानं त्यांच्या काळातच सुरू केली होती, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : शिवाजी चौक. मग बिंदू चौक.)

15 ऑगस्ट 1947 ला कोल्हापूर हे संस्थान होतं. देश स्वतंत्र झाला, तरी इथला माणूस अजून संस्थानची प्रजा होता. त्यामुळं इथली लढाई दुहेरी होती. 1939 साली प्रजापरिषद उभी राहिली. माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार ही तिच्यातली मोठी नावं. मागणी अशी की राज्यकारभार लोकांना जबाबदार असावा. शेतसाऱ्यानं पिचलेल्या शेतकऱ्याला ती लगेच कळली.

1942 ला आग लागली. आज जिथं शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा आहे, तिथं तेव्हा मुंबईचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. त्या पुतळ्याला भिडणाऱ्यांत दोन बायका होत्या, भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे. त्या काळी पोलिसांच्या पहाऱ्यात, भर चौकात जाऊन गव्हर्नरच्या पुतळ्याला हात घालायचा, याला काय काळीज लागलं असेल! 1945 साली त्याच जागी शिवाजी महाराज उभे राहिले. त्या चौकातून रोज हजारो माणसं जातात. त्यातल्या किती पोरांना या दोघींची नावं माहीत आहेत? प्रत्येक शाळेनं 15 ऑगस्टच्या भाषणात ती घ्यावीत, एवढी माझी विनंती आहे.

1942 मध्येच, 13 डिसेंबरला, भुदरगड तालुक्यात गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला. सात जण गोळीला बळी पडले. करवीरय्या स्वामी, नारायण वारके, तुकाराम भारमल आणि त्यांचे साथीदार. खेड्यापाड्यातली माणसं ही. त्यांच्या गावांत आजही ही नावं घरातल्या माणसासारखी घेतली जातात.

1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी संविधान पूर्ण झालं आणि त्यावर सही करणाऱ्यांत रत्नाप्पाण्णा होते. कित्येक वर्षं भूमिगत राहिलेला, पोलीस ज्याला शोधत होते असा माणूस घटना समितीत बसला. पुढच्या वर्षी, 9 डिसेंबर 1950 ला, माधवराव बागलांच्या पुढाकारानं बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. प्रजा नागरिक झाली ती अशी, टप्प्याटप्प्यानं.

(दृश्य : सकाळ. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण. पावसाची भुरभुर.)

शाळेतला झेंडा फडकतो, तेव्हा सगळ्यांचं लक्ष वर असतं. आपण खाली बघू. दोरीपाशी शिपाईमामा उभे असतात. आदल्या संध्याकाळी त्यांनी आणि पी.टी.च्या सरांनी तालीम केलेली असते. झेंड्याची घडी, घडीत झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या, वर सरकती गाठ. केशरी पट्टा वर आला का, हे दोनदा बघायचं. इथला पाऊस म्हणजे दोरी भिजून फुगते, गाठ बसून जाते आणि पाहुण्यांनी ओढली तर सुटतच नाही. म्हणून मामांचा जीव त्या गाठीत. ती सुटली, पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत सुरू झालं की त्यांचा चेहरा बघा. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या माणसाचं नाव निमंत्रणपत्रिकेत नसतं.

जिल्ह्याचं मुख्य झेंडावंदन 9 वाजून 5 मिनिटांनी. शाळा, ग्रामपंचायती, दूध संस्था, तालमी आपापलं त्याच्या आधी किंवा नंतर उरकतात. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात, जिथं गावाच्या नावातच सैनिक आहे, झेंड्यापुढं सर्वांत ताठ उभे असतात ते निवृत्त जवान. कडक इस्त्री, छातीवर पदकं, गुडघे दुखत असले तरी सावधान.

(दृश्य : 2019 च्या पुराची चित्रं.)

एक 15 ऑगस्ट मात्र वेगळा गेला. 2019 चा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. महामार्ग बंद, गावंच्या गावं पाण्यात, शाळांची निवारा केंद्रं झालेली. 15 तारीख आली तेव्हा पाणी उतरत होतं आणि घरात गुडघाभर चिखल होता. त्या दिवशी राखी पौर्णिमाही होती. बोटी घेऊन आलेल्या जवानांच्या मनगटावर पूरग्रस्त बायकांनी राख्या बांधल्या. देश म्हणजे काय, हे शिरोळच्या एखाद्या आजीला त्या आठवड्यात कुणी समजावून सांगावं लागलं नाही. घराच्या पत्र्यावरून तिला बोटीत उतरवून घेणारा हात कुठल्या राज्यातला होता, हेही तिला माहीत नव्हतं.

(दृश्य : ग्रामपंचायतीचं सभागृह. सतरंजी, प्लास्टिकच्या खुर्च्या, हजेरीचं रजिस्टर.)

झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटून झाला, की खेड्यात आणखी एक काम असतं. 15 ऑगस्टची ग्रामसभा. इथं गोडवा कमी आणि आवाज जास्त. घरकुलाच्या यादीत नाव का नाही? नळाला चार दिवसांआड पाणी का? गटारीचं बिल निघालं, गटार कुठं आहे? कुणी म्हणेल, आजच्या दिवशी तरी भांडू नये. मला उलट वाटतं. प्रजापरिषदेनं मागितलं होतं ते हेच. कारभाऱ्याला समोर बसवून हिशेब विचारायचा, आणि त्यानं द्यायचा.

जिल्हाधिकारी कचेरीबाहेरही त्या दिवशी कुणी ना कुणी उपोषणाला बसलेलं असतं. कुणाचं पुनर्वसन अडलेलं, कुणाची जमीन, कुणाची पेन्शन. आत संचलन चाललेलं असतं आणि बाहेर ही माणसं छातीला छोटा तिरंगा लावून बसतात. त्यांनाही हा दिवस आपलाच वाटतो. म्हणून तर ते नेमका तो निवडतात.

परत ग्रामसभेत जाऊ. मागच्या रांगेत बायका बसल्यात. इतका वेळ गप्प होत्या. आता त्यातली एक उठते, पदर खोचते आणि सरपंचांना म्हणते, "दादा, मागच्या सभेत लिहून घेतलं होतं, ते आधी वाचून दाखवा." ग्रामसेवक इतिवृत्ताची वही उघडतात, पान शोधतात, आणि वाचायला लागतात.