स्थानकापासून पाचशे मीटर

(दृश्य: सकाळची वेळ. सुपर कॉरिडॉरवरील उन्नत मार्गावरून तीन डब्यांची गाडी येते.)

31 मे 2025 रोजी, अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी, इंदूरच्या मेट्रोचा पहिला टप्पा खुला झाला. गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर, सुमारे सहा किलोमीटर आणि पाच स्थानके, एवढाच तो आहे. पुढे ही पिवळी मार्गिका विजय नगर, बंगाली चौक, पलासिया, रेल्वे स्थानक, राजवाडा, बडा गणपती आणि विमानतळ असा सुमारे एकतीस किलोमीटरचा वेढा घालून पुन्हा गांधीनगरला येणार आहे. पहिल्या आठवड्यात प्रवास मोफत होता, तेव्हा लोक मुलाबाळांसह गाडी पाहायला आले आणि तिकीट लागू झाल्यावर गर्दी ओसरली. यावरून शहरात थट्टा पुष्कळ झाली. मात्र दोष गाडीचा नाही, कारण ती जिथून धावते तिथे राहायला माणसे अजून यायची आहेत.

(दृश्य: स्थानकाचा जिना उतरून कॅमेरा रस्त्यावर येतो.)

जिना उतरल्यावर समोर सुपर कॉरिडॉर हा पंचाहत्तर मीटर रुंदीचा रस्ता येतो. त्याच्या कडेने मोकळे भूखंड, मोठ्या संकुलांच्या लांबलचक आवारभिंती आणि त्या भिंतींत फार दूर दूर असलेली फाटके दिसतात. टीसीएस आणि इन्फोसिस यांची संकुले याच पट्ट्यात आहेत. नकाशात दोनशे मीटरवर असलेली इमारत गाठण्यासाठी भिंतीला वळसा घालावा लागला, तर मे महिन्याच्या उन्हात तो माणूस दुसऱ्या दिवशी स्कूटर काढणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

केंद्र सरकारने 2017 साली मेट्रो रेल धोरणाबरोबरच स्थानकांभोवतीच्या विकासाचेही धोरण आणले. स्थानकापासून पाचशे ते आठशे मीटर, म्हणजे पायी दहा-बारा मिनिटांच्या टापूत घरे, कार्यालये आणि दुकाने दाटीने व एकमेकांच्या शेजारी असावीत, असे ते सांगते. त्यासाठी एफएआर (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, म्हणजे महाराष्ट्रातला एफएसआय) वाढवून द्यावा, वाहनतळाची जागा वाढवण्याऐवजी आवरती घ्यावी, आणि वाढलेल्या जमीनमूल्याचा काही वाटा सार्वजनिक कामासाठी वसूल करावा, असेही त्यात आहे. यातली एफएआरची तरतूद सर्वांच्या लक्षात राहते, कारण तिच्यात नफा असतो. बाकीच्या तरतुदी बहुधा कागदावरच राहतात.

सुपर कॉरिडॉरवर नुसता एफएआर वाढवून फार काही साधणार नाही. एक तर विमानतळ जवळ असल्याने इमारतींच्या उंचीला विमानतळ प्राधिकरणाची मर्यादा पाळावी लागते. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे असे की, येथे उणीव मजल्यांची नसून गल्ल्यांची आहे. मोठ्या भूखंडांमधून दर शंभर-दीडशे मीटरवर आरपार जाणारी, सर्वांना खुली आणि सावलीची वाट आधी आखून घेतली, तर चार-पाच मजल्यांच्या वस्तीतूनही स्थानकाला प्रवासी मिळतात. त्या वाटा आखल्याशिवाय वीस मजले बांधले, तर तळघरात चारशे मोटारी उभ्या राहतील आणि गाडी वरून रिकामी जाईल. भूखंड एकदा विकले गेले आणि भिंती उभ्या राहिल्या की अशी वाट पुन्हा काढता येत नाही. म्हणून हे काम आजच करण्याचे आहे.

(दृश्य: राजवाडा, सराफा, बोहारी गल्ल्या. दुकानांवर राहती घरे.)

मार्गिकेच्या दुसऱ्या बाजूला नेमकी उलट परिस्थिती आहे. राजवाडा परिसरात दाटी पिढ्यान्‌पिढ्या आहे: खाली पेढी, वर बिऱ्हाड, मागे कोठार, आणि रात्री सराफ्याची दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाऊच्या गाड्या. जवळच्या रामबागेतल्या मराठी वाड्यांत एका चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे नांदत असत. म्हणजे धोरण ज्याला मिश्र वापर म्हणते, तो येथे धोरणाआधीच होता. असे असताना मेट्रो येते म्हणून येथेही उंच इमारतींना मुभा द्यावी, हा विचार मला घातक वाटतो.

(दृश्य: जुन्या गल्लीचा जमिनीलगतचा दीर्घ पट.)

या प्रश्नावर इंदूरला शंभर वर्षांपूर्वी सल्ला मिळालेला आहे. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले होते आणि 1918 साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शहरात तेव्हा प्लेगची दहशत होती. गेडिस यांनी दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केले की, जे भाग सर्वांत स्वच्छ केले जातील त्यांतूनच ती जाईल. मग लोकांनी घरे झाडली, रंगवली आणि कचऱ्याचे ढिगारे उचलले. आज सलग स्वच्छतेचे पुरस्कार मिळवणाऱ्या या शहराने ही आठवण अधिक मिरवायला हरकत नव्हती. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, गर्दीच्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता चिरत नेण्याला गेडिस यांचा विरोध होता. अगदी मोडकळीला आलेली मोजकी घरे काढावीत, तेथे मोकळी जागा करावी आणि उरलेली वस्ती जपावी, अशी त्यांची पद्धत होती. राजवाड्याच्या भुयारी स्थानकाभोवती हीच पद्धत लागू पडते: चालण्याजोगे पदपथ, गाड्या लावायला मनाई आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीला मदत.

खरी वाढ होणार आहे ती मधल्या भागात. विजय नगरपासून बंगाली चौकापर्यंतच्या वसाहतींना लोक आजही विकास प्राधिकरणाच्या वसाहत योजनेच्या, म्हणजे स्कीमच्या, आकड्याने ओळखतात: 54, 78, 94. तेथील बंगल्यांच्या जागी इमारती येतील आणि त्या येऊही द्याव्यात. परंतु तेथील मलवाहिन्या एका घरात एक कुटुंब असे धरून घातलेल्या आहेत, आणि पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरून, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, नर्मदेतून उपसून घाटावर चढवले जाते. कोणी म्हणेल की मग दाटी नकोच. तर माणसे शहरात येणारच आहेत, आणि तीच माणसे बाहेरच्या शेतांत पसरली तर त्यांना पाणी पोचवायला नळ अधिक लांब लागतील. जुन्या वाहिन्या बदलण्याचा खर्च मात्र वाढीव एफएआरच्या शुल्कातून आणि परवानगी देण्याआधी वसूल झाला पाहिजे.

आणखी एक वर्ग येथे विचारात घ्यावा लागेल. बंगल्यांत पोळ्या करायला आणि दुकानांत कामाला येणारी माणसे मेट्रोची नित्याची प्रवासी होऊ शकतात. पण भाडे वाढले की आधी तीच दूर फेकली जातात. 2017 चे धोरण स्थानकाजवळच्या बांधकामात साधारण तीस टक्के वाटा परवडणाऱ्या घरांना द्यावा, असे सुचवते. ही अट पाळण्याऐवजी पैसे भरून मोकळे होण्याची सोय ठेवू नये.

(दृश्य: लोकमान्य नगर रेल्वे स्थानक.)

इंदूरच्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळजण वाडे सोडून लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांत स्थायिक झाले आहेत. मेट्रोचा वेढा या वसाहतींपर्यंत येत नाही. मात्र लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगर ही दोन्ही महूच्या रेल्वेमार्गावरील स्थानके आहेत, आणि तो मार्ग इंदूर रेल्वे स्थानकात मेट्रोला मिळणार आहे. गाड्यांची वारंवारता वाढली, तिकीट एकच झाले आणि गाडी बदलण्यासाठी रस्ता ओलांडावा लागला नाही, तर मेट्रोचा एक खांबही न उभारता शहराचा पश्चिम भाग तिच्याशी जोडला जाईल. 2035 सालासाठीच्या विकास योजनेत या दोन स्थानकांभोवतीचे पाचशे मीटरही मेट्रो स्थानकांप्रमाणेच आखून घ्यावेत.