मुलींच्या मॅचला येतंय कोण?

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिलाय "महिला फुटबॉलची वाढ आणि समाजाचा दृष्टिकोन". नाव ऐकूनच पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटलं मला. मी शाळेत पीटी शिकवते आणि शाळा सुटल्यावर मुलींना फुटबॉल शिकवते, त्यामुळे बोलणार ते ग्राउंडवरचंच बोलणार, चालवून घ्या.

मुलींच्या फुटबॉलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, अहो बघायला कोणी येतच नाही ना. आणि मग त्याच्यावर सगळं रचलेलं असतं, प्रेक्षक नाहीत म्हणून स्पॉन्सर नाही, स्पॉन्सर नाही म्हणून स्पर्धा नाही, स्पर्धा नाही म्हणून खेळ सुधारत नाही, आणि खेळ सुधारत नाही म्हणून प्रेक्षक नाहीत. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. फक्त एवढंच की हे वाक्य खरं नाहीये, आणि ते खरं नाही हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे.

पहिल्या महायुद्धाच्या वेळची गोष्ट. इंग्लंडमध्ये प्रेस्टन नावाचं गाव आहे, तिथे डिक, कर नावाचा कारखाना होता. पुरुष लढाईला गेलेले, कारखान्यात दारूगोळा तयार करायला बायका, आणि जेवणाच्या सुट्टीत त्या अंगणात बॉल खेळायच्या. त्यातून टीम झाली. १९१७ च्या नाताळच्या दिवशी त्यांनी प्रेस्टनच्या डीपडेल ग्राउंडवर जखमी सैनिकांच्या मदतीसाठी मॅच लावली तर १०,००० माणूस आलं. तीन वर्षांनी, २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलमधल्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या बायकांशी मॅच होती, त्या मॅचला आत ५३,००० लोक, आणि हजारो लोक बाहेर गेटवरच राहिले, आत शिरताच आलं नाही. टीव्ही नाही, रील नाही, सेलिब्रिटी ब्रँड अँबॅसडर नाही. वर्तमानपत्र आणि तोंडोतोंडी, बस्स.

मग काय झालं? लोक कंटाळले? नाही. ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संलग्न क्लबांनी आपली ग्राउंडं त्यांना देऊ नयेत. वर जमा झालेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चातच जातो, असाही आरोप. म्हणजे खेळू नका असं नाही म्हटलं, फक्त ग्राउंड काढून घेतलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे आपल्याला. ती बंदी उठायला सत्तरचं दशक उजाडलं. पश्चिम जर्मनीने १९५५ ते १९७० असंच केलं, आणि ब्राझील, ज्याला आपण फुटबॉलची पंढरी म्हणतो, तिथे तर १९४१ ते १९७९ बायकांच्या फुटबॉलवर सरकारी बंदी होती.

म्हणून आज कोणी म्हणालं की पुरुषांचा फुटबॉल बघा कुठे गेला आणि बायकांचा कुठे राहिला, की मला हसू येतं. पन्नास वर्षं ग्राउंडवर पाय ठेवू दिला नाही आणि आता म्हणे मागे राहिल्या.

त्या काळी कारण काय दिलं होतं, तर शरीराला झेपत नाही. डॉक्टर मंडळींनी तसं लिहून दिलं होतं. आता गंमत बघा. गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, हे आता खरंच माहीत झालंय. बायकांच्या शरीराची एवढी काळजी होती तर यावर ढीगभर संशोधन व्हायला पाहिजे होतं की नाही? उलट आत्ता आत्तापर्यंत मुली पुरुषांच्या पायाच्या मापावर बेतलेले बूट घालून खेळत होत्या, अजूनही बहुतेक जणी तेच घालतात, मी माझ्या मुलींना दुकानात नेते तेव्हा मुलांच्याच बुटातला लहान नंबर मिळतो. आणि पांढऱ्या शॉर्ट्सचं तर विचारूच नका. इंग्लंडच्या मुलींनी पाळीच्या दिवसांत टेन्शन येतं म्हणून बोलून दाखवलं, तेव्हा २०२३ च्या वर्ल्ड कपच्या आधी त्यांची शॉर्ट पांढऱ्याची निळी झाली. युरोपच्या चॅम्पियन टीमला हे मागून घ्यावं लागलं. आमच्या शाळेतली आठवीतली पोर कुणाकडे मागणार? ती फक्त त्या दिवशी "मॅडम, पोटात दुखतंय" म्हणून बाकावर बसते.

बरं, इंग्लंड सोडा, आपल्याकडे या.

आपल्याला वाटतं भारतात मुली फुटबॉल खेळायला लागल्या त्या अलीकडे, दंगल-बिंगल आल्यावर. महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटना १९७५ मध्येच झाली होती, पुरुषांच्या महासंघापासून वेगळी. १९८० मध्ये आशियाई स्पर्धा आपल्याकडे कालिकतला झाली आणि भारताच्या बायका फायनलला पोचल्या. १९८३ ला बँकॉकला परत फायनल. दोन्ही हरलो, पण आशियात दुसरे होतो हो आपण! त्याच वर्षी शांती मलिकला अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलमधला पहिला. आणि दुसरा कधी मिळाला माहितीये? २०१७ ला, मणिपूरच्या बेमबेम देवीला. मधे चौतीस वर्षं.

बेमबेम देवी लहानपणी मुलांच्यात खेळायची. मुलगी आहे कळलं तर घेणार नाहीत म्हणून नाव सांगायची बोबो, नाहीतर आमको. मुलाचं नाव. पुढे तिला पद्मश्री मिळाली २०२० मध्ये. मणिपूरने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा इतक्या वेळा जिंकलीय की बाकीची राज्यं दुसऱ्या नंबरासाठीच खेळतात असं आम्ही कोच लोक गमतीने म्हणतो. पण तिथे बाजार बायका चालवतात, गावात रात्री मशाल घेऊन पहाऱ्याला बायका निघतात, तिथे बाईमाणूस बाहेर दिसणं हीच बातमी नाही. त्यामुळे मुलगी ग्राउंडवर दिसली तर कोणाच्या पोटात दुखत नाही. मला वाटतं मणिपूरच्या फुटबॉलचं निम्मं गुपित ह्यातच आहे, बाकीचं निम्मं कोचिंग.

आता २०२२ घ्या. एका वर्षात दोन मोठ्या स्पर्धा आपल्या दारात झाल्या. जानेवारीत आशियाई चषक, मुंबई, नवी मुंबई आणि आपलं पुण्याचं बालेवाडी. ही स्पर्धा म्हणजे वर्ल्ड कपचा दरवाजा होता. डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी पहिली मॅच, ०-० सुटली. लगेच कॅम्पमध्ये कोविड. चायनीज तैपेईच्या, म्हणजे तैवानच्या मॅचला किमान १३ खेळाडूंची यादी द्यायची होती, ती देता आली नाही, मॅच रद्द, भारत स्पर्धेतून बाहेर. घरच्या स्पर्धेत एक मॅच खेळून घरी. आणि तीही रिकाम्या स्टँडसमोर, कारण कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी. ह्याला मी कोणाचा दोष म्हणणार नाही, नशीबच ते.

ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप. भारत अमेरिकेशी ०-८, मोरोक्कोशी ०-३, ब्राझीलशी ०-५. त्या टीमची कॅप्टन अस्तम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. ती कॅप्टन झाली म्हणून प्रशासनाने तिच्या गावाला रस्ता मंजूर केला, घरी टीव्ही बसवून दिला, आईबापाला पोरीची मॅच बघता यावी म्हणून. चांगलंच केलं. पण त्या रस्त्याच्या कामावर मजुरी कोण करत होतं, तर तिचेच आईवडील. रोजंदारीवर. पेपरला फोटोसकट आलं होतं ते. समाजाचा दृष्टिकोन म्हणून जो विषय दिलाय ना मला, तो ह्या एका बातमीत सगळा आहे. पोरगी टीव्हीवर दिसेपर्यंत गावाला रस्ता नाही, आणि दिसल्यावर रस्ता येतो पण घरातली परिस्थिती तीच.

आणि तरीसुद्धा ५ जुलै २०२५ ला चियांग माईला काय झालं बघा. थायलंड, घरच्या ग्राउंडवर, क्रमवारीत आपल्यापेक्षा वीसेक जागा पुढे, दोन वर्ल्ड कप खेळलेली टीम. संगीता बासफोरने दोन गोल मारले, २-१. भारत पहिल्यांदा पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात गेला. त्या आठवड्यात माझ्या व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे मेसेज, जसे काही मीच गोल मारलेत. त्यातल्या किती जणांनी मॅच बघितली होती ते मी विचारलं नाही, कशाला उगाच.

पण ह्या मुली वर्षभर खेळतात किती, हे मात्र विचारा. इंडियन विमेन्स लीग सुरू झाली २०१६-१७ ला, पण कितीतरी वर्षं सगळ्या टीम एका शहरात गोळा करून महिनाभरात उरकून टाकायचे. होम आणि अवे पद्धत, म्हणजे एक मॅच आपल्या गावात आणि एक समोरच्या टीमच्या गावात, आली २०२३-२४ ला. २०२४-२५ च्या सीझनला ८ टीम, म्हणजे प्रत्येक टीमच्या १४ मॅच. वर्षात चौदा! आमच्या गल्लीत टेनिस बॉलच्या टुर्नामेंट याच्यापेक्षा जास्त होतात.

एक युक्तिवाद मला मुद्दाम घ्यायचाय कारण तो पोरं फेसबुकवर फार फेकतात. अमेरिकेची वर्ल्ड चॅम्पियन महिला टीम २०१७ मध्ये डॅलसच्या १५ वर्षांखालच्या पोरांकडून सरावाच्या मॅचमध्ये ५-२ हरली, मग कशाला बघायचा बायकांचा फुटबॉल. खरंय, हरली. आता मला सांगा, पेठेतली आपली कुठलीही टीम उचलून कोलकात्याच्या मोहन बागान क्लबसमोर उभी केली तर काय होईल? तुम्हाला पण माहितीये, मला पण माहितीये. म्हणून आपण पाटाकडील आणि शिवाजी ह्या आपल्या तालमींच्या टीमची मॅच सोडतो का? दुकान अर्ध्यावर बंद करून शाहू स्टेडियम गाठतो, घसा बसेपर्यंत ओरडतो, दुसऱ्या दिवशी चौकात भांडतो. मॅचचा दर्जा जगात कितवा आहे म्हणून जातो होय आपण? आपली पेठ आहे, आपली तालीम आहे, आपला जर्सीचा रंग आहे म्हणून जातो.

ही गोष्ट कोल्हापूरला समजावायची गरजच नाही खरंतर. बार्सिलोनाला ती कळली. २२ एप्रिल २०२२ ला बार्सिलोनाच्या मुलींची जर्मनीच्या वोल्फ्सबर्ग क्लबशी मॅच होती, कॅम्प नोऊवर ९१,६४८ लोक. ते लोक काही अचानक स्त्रीवादी झाले नव्हते हो. तीच जर्सी, तेच ग्राउंड, तेच गाणं. क्लबने मुलींना बाहेरच्या छोट्या मैदानावरून मोठ्या ग्राउंडवर आणलं आणि गावाने ओळखलं की अरे ह्या आपल्याच आहेत.

आता आपल्याकडे. एफसी कोल्हापूर सिटी नावाची मुलींची टीम २०१९ आणि २०२० ला इंडियन विमेन्स लीग खेळून आली. हात वर करा, किती जणांना माहीत होतं? ...पाच. सहा. बरं. एवढ्या फुटबॉलवेड्या गावात सहा. गडहिंग्लज तालुक्यातली अंजू तुरंबेकर, एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं ए लायसन्स काढलेली कोच, देशपातळीवर ग्रासरूटचं, म्हणजे लहान मुलांना खेळात आणायचं काम केलेली बाई, तिचं नाव तरी माहितीये का बघा.

आणि आमच्या मुलींना ग्राउंड कधी मिळतं? दुपारी दोनला. मे महिन्यात दुपारी दोनला. पाचनंतर मुलं असतात. एका ठिकाणी मी विचारलं (नाव नाही घेणार) की आठवड्यातून दोन दिवस पाचची वेळ द्या, तर उत्तर आलं, मॅडम तुमच्या मुली येतात किती, वीस, आणि मुलं साठ. अहो, दोनच्या उन्हात वीस येतात हेच नवल आहे! त्यातल्या चार जणींच्या आया रोज माझ्याशी भांडतात की पोर काळी पडली, उद्या स्थळं कशी यायची. ह्या आयांवर मी चिडत नाही. त्यांच्या घरात स्थळाचा प्रश्न खरा आहे, मी लेक्चर देऊन तो जाणार नाही. पाचची वेळ मिळाली तर निम्मं भांडण तिथंच मिटेल, कारण ऊनच नसेल.

दहावीला मात्र मी हरते. खेळाचे सवलतीचे गुण मिळेपर्यंत सगळे पालक गोड असतात, सर्टिफिकेट हातात पडलं की "आता बास झालं बाळा". मुलगा असेल तर त्याच वयात तालमीत जातो, तिथे त्याला टीम आहे, नाव आहे, कोणीतरी बूट घेऊन देणारा असतो. मुलीला दहावीनंतर जायला जागाच नाही.

म्हणून मी तालमींना सांगते, अकादमी वगैरे नंतर काढा, आधी तुमच्याच नावाची, तुमच्याच रंगाची मुलींची टीम करा. चार तालमींनी केली तरी पुरे. दोन पेठांच्या पोरी समोरासमोर आल्या की गॅलरी भरते का नाही ते बघू. एका तालमीच्या कार्यकर्त्यांनी मला "बघूया की" म्हटलंय. कोल्हापुरात "बघूया की" म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, पण नाही तरी म्हणाले नाहीत.

(शेवटी श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातला एक इथे देत आहोत. मागे बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "मॅडम, ह्या मॅचला तिकीट लावणार का?")

लावायचं की आजोबा. पुरुषांच्या मॅचला जेवढं असतं तेवढंच लावायचं. फुकट ठेवलं की लोकांना वाटतं शाळेचं गॅदरिंग आहे. फक्त मॅच पाचला ठेवा म्हणावं, दोनला नको, नाहीतर तिकीट काढून तुम्हालाच चक्कर यायची.