रमाबाईंचं प्लेगमधलं पत्र

अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: साथीचा काळ, समाजातली खळबळ आणि ख्रिस्ती सुवार्ताप्रसार. एवढ्या मोठ्या विषयातलं मी एकच वर्ष आणि एकच शहर धरणार आहे. वर्ष 1897, शहर पुणे. तिथून शेवटी 2020पर्यंत यायचं आहे आणि साथीच्या दिवसांत सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगावी का, सांगितली तर कशी, याचं उत्तरही द्यायचं आहे.

1897चं पुणे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. आदल्या सप्टेंबरात मुंबईला, मांडवीच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरांनी प्लेग ओळखला. धोबी तलावाला मेट्रोसमोर त्यांचा पुतळा आहे. तिथून रोज हजारो माणसं जातात, नाव कुणी वाचत नाही. आणि मुंबईचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, गिरगाव, वांद्रे भागांत गल्लीच्या तोंडाशी जे जुने क्रूस दिसतात, त्यांतले कित्येक याच साथीतले आहेत. 'प्लेग क्रॉस' म्हणूनच ते ओळखले जातात. पुढच्या वेळी गेलात की त्यांच्यावर कोरलेली सालं वाचा. भेदरलेल्या माणसांनी आपल्या दाराजवळ देव आणून उभा केला, असा तो सगळा पट्टा आहे.

असो. पुण्यात साथ पसरली, 4 फेब्रुवारी 1897ला साथरोग कायदा झाला, रँडसाहेब प्लेग समितीवर आले आणि मार्चपासून गोऱ्या शिपायांनी घरं तपासायला घेतली. उंबऱ्यापर्यंत बूट, देवघरात बूट. काखेत नि जांघेत गाठ आहे का, ते चाचपायचं. बायकांनाही त्यातून सुटका नाही. संशय आला की माणूस रुग्णालयात, बाकीचं घर छावणीत, अंथरूण-पांघरूण रस्त्यावर पेटवलेलं. सावित्रीबाई फुले 10 मार्चला गेल्या. यशवंतरावांच्या दवाखान्यात रोगी आणता आणता त्यांनाच प्लेग झाला. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलं, ते शाळेतलं पोरही सांगेल.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. पुण्याच्या प्लेगची गोष्ट सांगायची म्हणजे रँड, चाफेकर बंधू, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, एवढ्यावर ती संपते. अलीकडे सावित्रीबाईंचं नाव घेतलं जातं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण याच शहरात, याच महिन्यांत, एका बाईनं इंग्रज सरकारच्या प्लेगच्या कारभारावर स्वतःच्या सहीनं उघड आरोप केले आणि तो आवाज विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला, हे कुणी सांगत नाही. ती बाई पंडिता रमाबाई. ख्रिस्ती झालेली, म्हणून पुण्यानं तिला आपल्या गोष्टीतून वगळलं. आणि पत्र सरकारविरुद्ध होतं, म्हणून आम्ही ख्रिस्ती मंडळींनी ते वगळलं. एका मंडळीत, म्हणजे एका चर्चमध्ये, 5 एप्रिलला, रमाबाईंच्या स्मृतिदिनी, हे पत्र मोठ्यानं वाचावं असं मी सुचवलं होतं. उत्तर आलं, "सर, उपासनेत राजकारण नको." दुसरीकडे, शहराच्या इतिहासावरच्या एका कार्यक्रमात मला सांगितलं गेलं, "ते मिशनरी प्रकरण जरा वेगळं ठेवू या." दोन्ही ठिकाणची माणसं चांगली होती, चहा दोन्हीकडे उत्तम होता.

चहावरून आठवलं. पुणेकरांना आणि मिशनला जोडणारा एक चहा फार गाजलेला आहे. 1890मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी जमली, पुढ्यात चहा आला. गोपाळराव जोशींनी, म्हणजे आनंदीबाईंच्या यजमानांनी, उपस्थितांची नावं छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रायश्चित्तं, वाद, धर्मपीठापर्यंत धाव. एका कपाला केवढी किंमत! तुम्ही हसताय, हसा. पण हे ध्यानात ठेवा की जिथं मिशनचा चहा प्यायल्यानं माणूस वाळीत पडायचा, तिथंच सात वर्षांनी रमाबाई विधवांचा आश्रम चालवत होत्या आणि बाहेर प्लेग होता.

आता ते पत्र. रमाबाईंचा हा आश्रम, शारदासदन, 11 मार्च 1889ला मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. 1893मध्ये मुलींना बाटवलं जातं असा गहजब झाला, केसरीनं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणजे 1897 उजाडताना रमाबाईंच्या पाठीशी शहरातलं फारसं कुणी नव्हतं. त्यांचा आधार म्हणजे अमेरिकेतून येणारा पैसा आणि गोऱ्या मिशनऱ्यांची सहानुभूती. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांचं चर्च आणि रमाबाईंचा 1883मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला ते चर्च, दोन्ही एकच, चर्च ऑफ इंग्लंड. अशा बाईनं गप्प बसावं यासाठी जेवढी कारणं लागतात, तेवढी सगळी हजर होती.

सदनातली एक मुलगी आजारी पडली. नियमाप्रमाणे तिला प्लेगच्या रुग्णालयात नेलं, तिथून छावणीत. ती परत आली नाही. तिथल्याच एका पहारेकऱ्यानं तिला ठेवून घेतल्याचं रमाबाईंना कळलं. मे 1897मध्ये त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकाला पत्र लिहिलं. रुग्णालयातली हेळसांड, बायकांना पुरुष डॉक्टरांसमोर करावं लागणारं उघडेपण, तरुण मुलींना तिथं असलेला धोका, सगळं नावानिशी. पत्रावरून विलायतेत पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. गव्हर्नरांकडून उत्तर गेलं की बाईंचं म्हणणं खोटं आणि दिशाभूल करणारं आहे.

क्षणभर इथं थांबतो, कारण हे किती अवघड होतं ते कळण्यासाठी शेजारी गोखल्यांना उभं करून पाहायला हवं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. शिपायांच्या अत्याचाराबद्दल इथून पत्रं गेली, ती खरी मानून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परतल्यावर पुरावा मागितला गेला, पत्र लिहिणारं कुणी पुढे येईना, आणि त्या सज्जन माणसाला जाहीर माफी मागावी लागली. गोखल्यांना मी दोष देत नाही. पण शहरभर कुजबुज चालू असताना स्वतःची सही करून बोलायला एक बाई उभी राहिली, आणि ती अशी की जिच्या शब्दाला शहरातही किंमत नव्हती आणि साहेबाच्या लेखीही नव्हती.

टिळकांचंही न्याय्य श्रेय द्यायला हवं. पुढारी गाव सोडून गेले तेव्हा ते पुण्यात राहिले, हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय उभं करायला त्यांनी हातभार लावला. शिपायांच्या वागणुकीविरुद्ध केसरी लिहीत होताच. 1893ला एकमेकांच्या विरुद्ध उभी असलेली ही दोन माणसं 1897ला एकाच गोष्टीबद्दल संतापलेली होती, आणि तरी एकमेकांशी बोलली नाहीत. पुण्याच्या इतिहासातलं हे मला सगळ्यात जास्त लागणारं दुःख आहे.

मी असं म्हणतो, आणि माझ्या धर्मबांधवांना ते आवडत नाही, की रमाबाईंनी आयुष्यभरात जी सुवार्ता सांगितली तिच्यातला सगळ्यात खणखणीत भाग म्हणजे हे पत्र. त्यात बायबलचं वचन सांगून कुणाला बोलावणं नाही. त्यात एका हरवलेल्या मुलीची चौकशी आहे. ज्या चर्चमध्ये आपला बाप्तिस्मा झाला, त्या चर्चच्या सत्ताधाऱ्याला जाब विचारणं आहे. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेबाच्या बाजूला जाणं, असं सगळं पुणे मानत असताना या बाईनं ते एका कागदावर खोटं पाडलं. त्या वर्षी पेठांतून वाटलेल्या कुठल्याही पत्रकानं हे साधलं नसतं.

आता केडगाव, कारण तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, "पत्र ठीक आहे, पण त्या मुलींचे बाप्तिस्मे?" प्रश्न रास्त आहे. त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ होता. रमाबाई तिकडे गेल्या. स्वतःचे आईवडील आणि बहीण 1870च्या दशकातल्या दुष्काळी भटकंतीत गमावलेली ही बाई. रानातला पाला आणि फळं खाऊन काढलेले दिवस तिला पाठ होते. मदत छावण्यांत पोरीबाळींवर कोण टपून बसलंय ते तिनं पाहिलं आणि शेकडो मुली, तरुण विधवा घेऊन ती परतली. पुण्यात प्लेग, बाहेरून आणलेल्या एवढ्या मुली शहरात ठेवायला बंदी. मग केडगावच्या माळावर, सोलापूरच्या लोहमार्गालगत, आधी घेऊन ठेवलेल्या शेतात तंबू नि झोपड्या घातल्या. मुक्ती मिशन म्हणजे प्लेगच्या नियमातून निघालेलं गाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

तिथं पुढे मुलींचे बाप्तिस्मे झाले, भीमेच्या पात्रात. 1905ला तिथं जे संजीवन, म्हणजे श्रद्धेची मोठी लाट, झालं, त्याच्या कथा चर्चमध्ये मोठ्या भक्तीनं सांगतात. माझं मत सरळ सांगतो. भुकेल्या, अनाथ, आश्रयाला आलेल्या मुलीचा बाप्तिस्मा तिनं मोकळेपणानं घेतला, असं मला म्हणवत नाही. अन्न देणाऱ्या हातानं पुढे केलेला धर्म नाकारायला फार मोठी ताकद लागते, ती दहा वर्षांच्या पोरीकडून मागू नये. जबरदस्ती झाली असं मी म्हणत नाही. पण 'अमुक इतके आत्मे जिंकले' हे आकडे मला सुवार्तेचे वाटत नाहीत. मला त्या मुलींचे हात दिसतात. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणारे, मागावर, तेलघाण्यावर काम करणारे. आंधळ्या मुलींना रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून केलेलं अख्खं मराठी बायबल याच मुलींनी जुळवून छापलं, 1922मध्ये बाई जाईपर्यंत ते काम चाललं होतं. ज्यांना घरच्यांनी टाकलं, गावानं टाकलं, त्या बायका स्वतःच्या कमाईची भाकरी खायला लागल्या. 'पोटासाठी बाटल्या' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांना आपल्या घरात घेतलं असतं, हा प्रश्नही मग विचारावा लागतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं राहिलीत. मुख्य मुद्दा अजून व्हायचाय, तेव्हा भराभर जातो.

मार्च 2020मध्ये महाराष्ट्रात जो कायदा लागू झाला, तो हाच 1897चा साथरोग कायदा. 12 एप्रिलला ईस्टर आला, चर्चची दारं बंद. मग भक्ती मोबाइलवर आली आणि तिच्याबरोबर काय आलं ते तुम्ही पाहिलंत. शेवटचा काळ आला, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, प्रकटीकरणातले, घोडेस्वार सुटले, अमुक प्रार्थना केली तर रोग शिवणार नाही. माझ्या मंडळींतल्याच माणसांनी हे पाठवलं. भीतीनं थरथरणाऱ्या माणसाला आणखी भीती घालून देवाकडे ढकलणं, हा सुवार्तेचा धंदा झाला. येशूनं कुष्ठरोग्याला आधी हात लावला, त्याचा जाहीरनामा केला नाही. उलट कुणाला सांगू नको म्हणाला.

याच्या उलट, कितीतरी मंडळींनी गुपचूप शिधा वाटला, परिचारिकांच्या पाळ्या भरल्या, दहनाचा की दफनाचा वाद चालू असताना परक्याच्या प्रेताला खांदा दिला. त्यांनी पत्रक दिलं नाही, हे बरोबर केलं. शिध्याच्या पिशवीत पत्रक घालू नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. आजारी माणसाच्या खाटेशी बसावं. त्यानं विचारलं, तुम्ही का येता, तर खरं सांगावं, लपवू नये. तेवढी मोकळीक सुवार्तेला हवीच आणि संविधानानं ती दिलेली आहे. पण विचारणारा उद्या बरा होऊन, पोटभर जेवून, हवं तर नाही म्हणू शकेल, इतपत वेळ त्याला द्यावा.

आणि दुसरी गोष्ट, जी आम्ही 2020ला केली नाही. 8 मे 2020ला औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. घरी चालत निघालेली माणसं होती. त्या आठवड्यात प्रार्थना झाल्या, मीही केल्या. पण छावण्या, गाड्या, शिधापत्रिका यांबद्दल सही करून सरकारला विचारणारं पत्र आमच्यातून किती जणांनी लिहिलं? रमाबाईंचं नाव घेणाऱ्या मंडळींनी तरी लिहायला हवं होतं. साथीत सेवा केली की लोक वाहवा करतात. साथीत सत्तेला प्रश्न विचारला की देणगीदार नाराज होतात, पाळकसाहेब नाराज होतात, कधी पोलीस दारात येतात. रमाबाईंनी दोन्ही केलं, आणि त्यातलं एकच आम्ही वारसा म्हणून उचललं.

वेळ संपली. एक विनंती करतो. पुण्याच्या प्लेगवर जो कुणी पुढे पुस्तिका काढेल, शाळेत प्रदर्शन लावेल, त्यानं सावित्रीबाईंच्या शेजारी रमाबाईंच्या या पत्राचा मराठी अनुवाद लावावा. आणि इथं जे पाळक बसलेत, त्यांनी येत्या 5 एप्रिलच्या उपासनेत तो वाचायला दहा मिनिटं द्यावीत. अनुवाद माझ्याकडे टाइप केलेला आहे, कार्यक्रमानंतर मागच्या टेबलाशी प्रती ठेवतो. प्रश्न असतील तर आता घेतो.