पुन्हा मातीचंच घर

गेल्या हिवाळ्यात मी औसा तालुक्यात माझ्या बालमित्राच्या शेतावर जाऊन आलो. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्यानं स्वतःच्या हातानं घर बांधलंय एवढं फोनवर कळलं होतं; ते मातीचं आहे, हे काही तो बोलला नव्हता. बांधावरून घर दिसलं आणि मी थबकलोच. कारण याच मुलाचे आजोबा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात माळवदाखाली, म्हणजे घराच्या मातीच्या छताखाली, गेले होते.

तुमच्यातले बरेच जण त्यानंतर जन्मलेले आहात, म्हणून सांगतो. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं झाली होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, त्यामुळे गावंच्या गावं गाढ झोपेत. किल्लारीचा तो भूकंप ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरी आठ-दहा हजार माणसं गेली आणि पुढं ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. मध्यम भूकंपात एवढी माणसं का गेली, याचं उत्तर आमच्या भिंतींत होतं.

जुन्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड, काही वाड्यांत त्याहून किती तरी जास्त. बाहेरून दगडाची एक बाजू, आतून दुसरी आणि मधे चिपा-मातीची भर. दोन्ही बाजूंना एकत्र धरील असा आरपार दगड कुठंच नाही. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा, जुना कुणी काढायचं नाही. असं करत करत डोक्यावर फूट-दीड फूट माती साठलेली. जमीन हलली आणि भिंत मधून उकलली. जिथं लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, मजबूत होते, तिथं भिंती ढासळूनही खांब-तुळया उभ्या राहिल्याची उदाहरणं आहेत. हे आम्ही तेव्हा डोळ्यांनी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायच्या मनःस्थितीत कोण होतं? सगळा राग मातीवर निघाला.

मी त्याला पहिलं हेच विचारलं, "अरे, तू परत मातीतच?"

तो म्हणाला, "मातीनं काय केलं रं? तिला धरून ठेवणारं भिंतीत कायच नव्हतं."

त्याच्या डोक्यात ही गोष्ट घुसली ती कच्छमध्ये. २००१ च्या भूकंपानंतर तो मदतीला गेला होता. तिथं चौकोनी घरं पडलेली आणि शेजारी भुंगे, म्हणजे तिथली मातीची गोल घरं, उभे. भूकंपात भिंत बहुधा कोपऱ्यात आधी फाटते. गोल भिंतीला कोपराच नसतो. वर हलकं गवती छप्पर. म्हणून याचं घर म्हणजे तीन गोल खोल्या, प्रत्येक आतून पंधरा फुटांची, आणि मधे अंगण.

काळ्या रानात पाया धरत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यानं मुरूम लागेपर्यंत खोदलं. जोत्यापर्यंत दगड, आणि त्यात ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड. वर दाबयंत्रावर केलेल्या विटा: मुरमाड माती चाळून घ्यायची, वीस घमेल्यांना एक घमेलं सिमेंट, दांडा ओढायचा, मग तीन आठवडे ओल्या गोणपाटाखाली. भट्टी नाही, जाळणं नाही. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा सगळ्या घराला कंबरपट्ट्यासारखा फिरतो. मातीच्या घरांसाठी असे पट्टे सुचवणारं भारतीय मानक, आयएस १३८२७, हे १९९३ सालचंच आहे. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

छप्पर वेळूच्या सांगाड्यावर उसाच्या पाचटाचं. आगीची भीती खरीच, म्हणून चूल निराळ्या पत्र्याच्या खोलीत. दर दोन-तीन वर्षांनी पाचट बदलावं लागणार, पावसाळ्यानंतर गिलाव्याची डागडुजी करावी लागणार. ज्याला हे करायचं नाही त्यानं असं घर बांधू नये, हे मी स्पष्ट सांगतो. एका बँकेनं 'कच्चं घर' म्हणून कर्ज नाकारलं. तीन वर्षं लागली ती त्यामुळेही.

मला सगळ्यात आवडली ती दाराशेजारची हातभर जागा. तिथं त्यानं मुद्दाम गिलावा केलेला नाही. विटा, सांधे, सळईचं टोक, सगळं उघडं. गावातला कुणी गवंडी आला की तिथं उभं करून दाखवतो. नवी गावं सिमेंटची झाली, माणसं सुरक्षित झाली, ते गरजेचंच होतं. पण चांगली माती ओळखणारे, ती मळून बोटांनी पाहणारे हात त्या एका पिढीत संपले, याची मला फार हळहळ वाटते. ते हात पुन्हा तयार करण्यासाठीच हा उघडा तुकडा आहे.

आत गेलो तर काकू, म्हणजे त्याची आई, कुरकुरत होत्या. त्यांना भिंतीत देवळी हवी होती. भिंत पोखरायची नाही म्हणून त्यानं लाकडी फळी ठोकून दिली. "फळीवर दिवा कुठं लावत्यात का रं?" त्या मला विचारत होत्या. भूकंपानंतर कित्येक वर्षं काकू दगडी भिंतीच्या आडोशाला झोपल्या नव्हत्या. नवं पक्कं घर असून त्यांची बाज पत्र्याच्या शेडात असायची. रात्री मी सवयीनं अंगणात अंथरूण टाकायला लागलो, तर आतून हाक आली, "भाईर थंडी हाय, आत ये. हितं पड."

त्यांची बाज भिंतीला लागून होती.